एक डॉलरच्या ब्राउनीपासून जुन्या डीएसएलआरपर्यंत: इतिहासप्रेमींसाठी परवडणारा कॅमेरा

#धागा

१/
१८४४ साली मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची रवानगी अजिंठ्याला झाली. काम एकच होते: लेण्यांतील भित्तिचित्रांच्या मूळ आकाराच्या प्रतिकृती तैलरंगांत करणे. अंधारी, ओलसर लेणी, वटवाघळे आणि आजारपण यांना तोंड देत त्याने या कामात जवळजवळ वीस वर्षे घातली. ही चित्रे इंग्लंडला गेली आणि सिडनॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि त्यांतील बहुतेक सर्व जळून गेली.

२/
कथा येथे संपत नाही. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. तीच चित्रे त्यांनी पुन्हा, अनेक हंगाम खपून उतरवून काढली. त्या प्रतीही लंडनला गेल्या. १८८५ साली साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि यांतीलही कितीतरी प्रती नष्ट झाल्या. एकाच कामाच्या नशिबी दोन आगी आल्या.

३/
परंतु गिल याने मधल्या काळात कॅमेरा हाताळायला सुरुवात केली होती. अजिंठा व वेरूळ येथील त्याच्या त्रिमितीय छायाचित्रांचे पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह १८६४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रती अनेक घरांत, अनेक ग्रंथालयांत पोहोचल्या; एका आगीत सगळ्या जळाव्यात अशी त्यांची स्थितीच नव्हती. ती छायाचित्रे आजही पाहता येतात. मूळ वस्तू झिजते, एकुलती एक प्रत जळते, अनेक ठिकाणी पोहोचलेली प्रत मात्र टिकते.

४/
हे सारे आज लिहिण्याचे कारण असे, की गेल्या काही महिन्यांत अनेक वाचकांनी एकच प्रश्न विचारला: "किल्ले, लेणी, वीरगळ, मोडी कागद यांची छायाचित्रे घ्यायची आहेत, पैसे फार नाहीत, कॅमेरा कोणता घ्यावा आणि सुरुवात कशी करावी?" या प्रश्नाचे उत्तर कॅमेऱ्याच्या इतिहासातूनच नीट मिळते, असे माझे मत आहे. म्हणून या धाग्याचे दोन भाग केले आहेत. आधी स्वस्त कॅमेऱ्याचा इतिहास, मग निवड आणि अभ्यास.

५/
त्याआधी एक कबुली. एम. ए.च्या पहिल्या वर्षात असताना एका गावातील मंदिराच्या सभामंडपात अकरा ओळींचा देवनागरी शिलालेख पाहिला. मित्राचा कॅमेरा मागून आणला होता. फ्लॅश लावून दहा-बारा आणि फ्लॅशशिवाय तीसेक छायाचित्रे घेतली. मागच्या इवल्याशा पडद्यावर सगळी सुरेख दिसली. घरी येऊन संगणकावर पाहिले तर फ्लॅशच्या छायाचित्रांत अक्षरे सपाट झालेली आणि बाकीच्यांत सगळे हललेले. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा गेलो, तेव्हा मंदिराचा जीर्णोद्धार होऊन त्या भिंतीवर जाड ऑइलपेंट चढला होता. अकरापैकी सात ओळी मला आज वाचता येतात. उरलेल्या चार माझ्या अज्ञानात गेल्या.

६/
आता इतिहास. गिलच्या काळात छायाचित्रण म्हणजे एक प्रकारची रसायनशाळाच होती. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कलोडियनची पद्धत जाहीर केली. काचेवर द्रावण चढवायचे, ती संवेदनशील करायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन लगेच धुवायची. वाळली की काच वाया. त्यामुळे कॅमेऱ्यासोबत काचा, रसायने, पाणी आणि अंधारा तंबू असा सगळा लवाजमा डोंगरावर चढवावा लागे.

७/
तरीही मुंबईने ही विद्या झपाट्याने आत्मसात केली. १८५४ मध्ये येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या पहिल्या पिढीतील एतद्देशीय छायाचित्रकारांची नावे. मात्र हा छंद डॉक्टर, अधिकारी आणि व्यावसायिक यांनाच झेपणारा होता. सामान्य माणूस कॅमेऱ्यासमोर बसू शकत होता, कॅमेऱ्यामागे उभा राहू शकत नव्हता.

८/
ही स्थिती बदलली जॉर्ज ईस्टमन याने. १८८८ मध्ये त्याने 'कोडॅक' कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर. आत १०० छायाचित्रांचा रोल भरलेलाच असे. रोल संपला की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. १० डॉलरमध्ये छायाचित्रे छापून आणि नवा रोल भरून तो परत येई. छायाचित्र घेणे आणि छायाचित्र धुणे ही दोन कामे येथे प्रथमच सामान्य ग्राहकासाठी वेगळी झाली. रसायने न शिकताही छायाचित्रकार होता येऊ लागले.

९/
तरी २५ डॉलर ही रक्कम त्या काळी मोठीच होती. फेब्रुवारी १९०० मध्ये आलेल्या 'ब्राउनी'ची किंमत होती अवघा एक डॉलर. फ्रँक ब्राउनेल याने रचलेली ही पुठ्ठ्याची पेटी. पुढे एक साधे भिंग, आत रोल. सहा छायाचित्रांचा रोल १५ सेंटला मिळे. जाहिराती मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केल्या होत्या. पहिल्याच वर्षी लाखाहून अधिक ब्राउनी खपल्या. स्वस्त कॅमेऱ्याचा इतिहास खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

१०/
ब्राउनीत फोकस करायची सोय नव्हती. भरपूर ऊन हवे, माणूस काही पावले दूर हवा आणि हात स्थिर हवा, या तीन अटी पाळल्या की चित्र हमखास येई. अटी मोडल्या की चित्र बिघडे. स्वस्त कॅमेरा म्हणजे वाईट कॅमेरा नव्हे. स्वस्त कॅमेरा म्हणजे ज्याच्या मर्यादा अधिक आहेत असा कॅमेरा. ज्याने मर्यादा ओळखल्या त्याचे काम झाले. सव्वाशे वर्षांनंतरही हा नियम बदललेला नाही.

११/
१९२५ मध्ये जर्मनीत ऑस्कर बार्नाक याच्या रचनेचा 'लायका' विक्रीस आला. चलच्चित्रांची ३५ मिमी फिल्म त्याने छायाचित्रासाठी वापरली आणि चौकट ठरवली २४ × ३६ मिलिमीटर. आज 'फुल फ्रेम' म्हणून ज्या महागड्या कॅमेऱ्यांचा गवगवा होतो, त्यांच्या सेन्सरचे माप हेच आहे. म्हणजे 'फुल' हा शब्द शंभर वर्षांपूर्वीच्या एका सोयीस्कर फिल्मवरून आलेला आहे, परिपूर्णतेवरून नव्हे. खरेदी करताना हे ध्यानात ठेवावे.

१२/
आपल्याकडे हीच जागा घेतली 'आग्फा क्लिक थ्री'ने. आपल्या घरातील जुन्या अल्बममधील चौकोनी कृष्णधवल छायाचित्रे पाहा. बारसे, मुंज, महाबळेश्वरची सहल, अंगणातली नवी सायकल. त्यांतील पुष्कळशी अशाच पेटीवजा कॅमेऱ्यांतून आलेली असतील. १२० क्रमांकाच्या एका रोलवर १२ चित्रे निघत. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखानाही १९६० मध्ये स्थापन झाला. त्याची 'इंदू' फिल्म अनेकांना आठवत असेल. परंतु कॅमेरा परवडला तरी रोल आणि धुलाई परवडत नसे. प्रत्येक चित्राला किंमत होती, म्हणून प्रत्येक चित्रापूर्वी विचार होता.

१३/
ही किंमत नाहीशी करणारा शोध छायाचित्रणाच्या दुनियेबाहेर लागला. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी 'सीसीडी'ची कल्पना मांडली. प्रकाश पडला की सिलिकॉनमध्ये विद्युतभार साचतो; तो भार रांगेने पुढे सरकवत मोजता येतो. या शोधासाठी दोघांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

१४/
डिसेंबर १९७५. रॉचेस्टरमध्ये, कोडॅकच्याच प्रयोगशाळेत, स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला हातात धरता येईल असा डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन सुमारे साडेतीन किलो. १०० × १०० बिंदू, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेल. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत आणि ते पाहायला दूरचित्रवाणी संच लागे. फिल्मवर जगणाऱ्या कंपनीच्या घरात फिल्मचा काळ जन्माला आला होता. जानेवारी २०१२ मध्ये त्याच कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

१५/
सेन्सरला रंग कळत नाही. त्याला फक्त प्रकाशाचे प्रमाण कळते. कोडॅकच्याच ब्राइस बेयर याने यावर उपाय काढला आणि १९७६ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. सेन्सरवर रंगीत गाळण्यांची बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी करायची: निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. डोळ्याला बारीक तपशील मुख्यतः हिरव्या छटांतून कळतो, म्हणून हिरव्याला झुकते माप. प्रत्येक बिंदूवर एकच रंग मोजला जातो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. 'रॉ' फाइल म्हणजे हे अंदाज करण्यापूर्वीचे कच्चे आकडे. आपण इतिहासवाले त्याला अस्सल साधन म्हणू.

१६/
किमती कशा उतरल्या ते पाहा. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ३ वर बसवलेला १.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा वीस हजार डॉलरच्या घरात होता, आणि त्याची साठवणपेटी खांद्याला अडकवावी लागे. १९९४ मध्ये ॲपलचा 'क्विकटेक १००' ७४९ डॉलरला आला. त्यात सर्वोत्तम दर्जाची आठच चित्रे मावत. १९९५ मध्ये जपानमध्ये कॅसिओ क्यूव्ही-१० आला, ६५,००० येनला. चित्रे अगदीच लहान होती, पण मागे पडदा होता. घेतलेले चित्र तिथल्या तिथे पाहायची सवय जगाला या कॅमेऱ्याने लावली.

१७/
आणि मग २००३. कॅननचा ईओएस ३००डी, ६.३ मेगापिक्सेल, केवळ कॅमेऱ्याची किंमत ८९९ डॉलर. भिंगे बदलता येणारा डिजिटल कॅमेरा प्रथमच हजार डॉलरच्या आत आला. पाठोपाठ निकॉनचे डी७०, डी४० आले. येथून पुढे दहा-बारा वर्षे हौशी लोकांसाठी असे कॅमेरे प्रचंड संख्येने तयार झाले.

१८/
दुसऱ्या बाजूला, नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्याचे सहकारी १९९० च्या दशकात अंतराळयानांसाठी हलके, कमी वीज खाणारे 'सीमॉस' सेन्सर विकसित करत होते. तेच तंत्र पुढे फोनमध्ये शिरले. परिणाम? २०१० मध्ये जगभरात सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी रवाना झाले होते. २०२१ मध्ये हा आकडा एक कोटीच्याही खाली होता.

१९/
आपल्यासाठी ही सुवार्ता आहे. कारखान्यांनी कोट्यवधी कॅमेरे बनवले, लोकांनी हौसेने घेतले, मग फोन आला आणि ते कपाटात गेले. लग्नात भेट मिळालेला, मुलाच्या जन्मानंतर घेतलेला, चार सहलींत वापरलेला. असा कॅमेरा आज मध्यम दर्जाच्या नव्या फोनपेक्षा कमी पैशांत मिळतो. आणि शिलालेख वाचण्यासाठी तो आजही पुरेसा आहे. आता निवडीकडे वळू.

२०/
पहिला प्रश्न: कॅमेरा खरोखर हवा का? खिडकीजवळच्या चांगल्या उजेडात मोडी कागदाचे छायाचित्र घ्यायला बरा फोन पुरतो. परंतु फोनचा सेन्सर लहान, आणि उणीव भरून काढायला आतील संगणक चित्र 'सुधारतो': दाणे पुसतो, कडा धारदार करतो. चेहऱ्याला हे शोभते. झिजलेल्या शिलालेखात मात्र पुसलेली रेघ अनुस्वार असू शकते आणि धारदार केलेली भेग काना वाटू शकते. म्हणून अंधारी लेणी, झिजलेले दगड आणि उंचावरची शिल्पे यांसाठी कॅमेरा घ्यावा.

२१/
दुसरा प्रश्न: मेगापिक्सेल किती? हिशेब करू. ए४ आकाराचे चित्र छापील पुस्तकाच्या दर्जाने (इंचाला ३०० बिंदू) छापायला २४८० × ३५०८ बिंदू लागतात, म्हणजे सुमारे ८७ लाख. मेगापिक्सेलच्या भाषेत ८.७. तेव्हा १२ मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा पुरतो आणि १६ ते २४ असतील तर चैन. या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

२२/
तिसरा आणि खरा प्रश्न: सेन्सर केवढा? हौशी डीएसएलआरमधील 'एपीएस-सी' सेन्सर साधारण २३.६ × १५.६ मिमी असतो. खिशातल्या स्वस्त कॅमेऱ्यांतील '१/२.३ इंची' सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिमी. क्षेत्रफळात सुमारे तेरापटींचा फरक. प्रकाश पकडणारे शेत तेरापट मोठे, म्हणून अंधारात पीकही अधिक. गंमत म्हणजे हे 'इंच' सेन्सरचे खरे माप नाहीच. जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून हे नामकरण चालत आले आहे. जाहिरातीतील इंच वाचून फसू नये.

२३/
तर पर्याय तीन.
अ) वापरलेला प्राथमिक डीएसएलआर, सोबत १८-५५ मिमी भिंग. कॅननची तीन-चार अंकी मालिका, निकॉनची डी३०००, डी५००० मालिका. बहुतेकांना मी हाच सुचवेन.
आ) जुना मिररलेस. आरसा नसल्याने हलका. गडांवर पायपीट करणाऱ्यांना सोयीचा. पहिला २००८ मध्ये पॅनासॉनिकने आणला. बॅटरी लवकर संपते, जादा घ्यावी.
इ) लांब झूमचा एकसंध कॅमेरा. शिखरावरच्या मूर्तींना उत्तम, पण सेन्सर लहान. अंधाऱ्या लेण्यात हतबल.

२४/
कॅमेरा घेताना आपण त्याच्या भिंगांचे घराणेही घेत असतो. निकॉनचा जोड १९५९ पासूनचा, कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा. त्यामुळे जुनी भिंगे बाजारात मुबलक. एक सावधगिरी: निकॉनच्या डी३०००, डी५००० मालिकांत फोकसची मोटर कॅमेऱ्यात नसते, तेव्हा मोटर नसलेले जुने भिंग लावल्यास फोकस हातानेच करावा लागतो. पुढे पैसे जमले की ३५ किंवा ५० मिमी, एफ/१.८ भिंग घ्यावे. एफ/५.६ च्या मानाने ते नऊ-दहापट प्रकाश आत घेते.

२५/
वापरलेला कॅमेरा तपासण्याची रीत:
• भिंगातून मोबाइलची बॅटरी चमकवून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत ही नेहमीची व्याधी. असे भिंग घेऊ नये.
• एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचे चित्र घ्या. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. ती साफ होते, किमतीत सूट मागा.
• शटर किती वेळा उडाले ते विचारा. प्राथमिक कॅमेऱ्यांचे शटर साधारण लाखभर वेळांसाठी केलेले असते.
• बॅटरी फुगलेली नाही ना, चार्जर आहे ना, कार्ड बसते ना, हे तिथेच पाहा. फार जुने कॅमेरे ३२ जीबीपेक्षा मोठे कार्ड ओळखत नाहीत.

२६/
आता सुरुवात. तीन गोष्टी शिकल्या की पुरे. ॲपर्चर: भिंगाचे छिद्र, आकडा लहान तर छिद्र मोठे. शटर: प्रकाश किती वेळ आत येतो. आयएसओ: मिळालेला प्रकाश किती वाढवून घ्यायचा. माझ्या त्या शिलालेखाच्या वेळी आयएसओ १०० वर अडकून पडला होता. शटर १/१५ सेकंदावर गेले आणि हात हलला. आयएसओ ८०० केला असता तर तेवढ्याच उजेडात १/१२५ मिळाले असते. चित्रात थोडे दाणे आले असते, पण चार ओळी वाचल्या असत्या. दाणेदार चित्र वाचता येते, हललेले वाचता येत नाही.

२७/
म्हणून पहिल्या महिन्याचा अभ्यास: 'ए' किंवा 'एव्ही' या स्थितीत कॅमेरा ठेवा, एफ/८ निवडा, आयएसओ स्वयंचलित करा आणि शटर १/१०० पेक्षा संथ होत नाही ना यावर लक्ष ठेवा. अंधार वाढला तर एफ/४ किंवा भिंग देईल तेवढे खाली या. प्रत्येक चित्रानंतर पडद्यावर ते पूर्ण मोठे करून एक अक्षर तपासा. इवल्या पडद्यावर प्रत्येक चित्र सुंदर दिसते. मी त्यातच फसलो.

२८/
शिलालेख, वीरगळ, गद्धेगळ यांसाठी सर्वांत मोठे गुपित म्हणजे तिरपा प्रकाश. समोरून आलेला प्रकाश खाचा भरून टाकतो. बाजूने, दगडाला घासून जाणारा प्रकाश प्रत्येक खाचेत सावली पाडतो. सकाळी लवकर किंवा उन्हे कलताना जावे. मंडपात असाल तर कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करून मित्राला बॅटरी घेऊन बाजूला उभे करा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून उजेड पाडून तीन चित्रे घ्या. डावीकडून न दिसलेली वेलांटी पुष्कळदा वरून दिसते.

२९/
कागदांसाठी उलटे: प्रकाश सारखा, मऊ. खिडकीजवळ, थेट उन्हात नव्हे. कॅमेरा कागदाला समांतर. पिवळसर कागद चित्रात करडा येतो, कारण कॅमेऱ्याचे मापन सगळे जग मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरते. एक्स्पोजर किंचित वाढवून घ्या. मोडीचा लांब बंद असेल तर तुकड्यातुकड्याने घ्या, आणि प्रत्येक चित्रात आधीच्या चित्रातील शेवटच्या दोन ओळी येऊ द्या. दप्तरखान्यात परवानगी घ्या, फ्लॅश कधीही वापरू नका, रुमाल जसा सोडला तसाच बांधा.

३०/
दगडाच्या बाबतीत तीन गोष्टी करू नयेत. अक्षरे उठावदार दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल काहीही लावू नये. शेंदूर किंवा रंग स्वतः खरवडू नये. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय ट्रायपॉड लावू नये. आणि गावात गेल्यावर आधी पुजारीबुवांना, पाटलांना किंवा ओट्यावर बसलेल्या आजोबांना भेटावे. कॅमेरा पिशवीतून नंतर काढावा. शेतातला दुसरा दगड अनेकदा तेच दाखवतात.

३१/
छायाचित्र हे साधन व्हायचे तर त्याला ओळख लागते. कॅमेऱ्यातील तारीख-वेळ आधी बरोबर लावा. पहिले चित्र परिसराचे, दुसरे पूर्ण दगडाचे, मग तपशिलाचे. एका चित्रात मोजपट्टी ठेवा. गाव, तालुका, दगड कोणत्या दिशेला तोंड करून आहे, कोणी माहिती दिली, हे त्याच दिवशी वहीत लिहा. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून जमवलेली मराठ्यांच्या इतिहासाची साधने बावीस खंडांत छापली. पहिला खंड १८९८ चा. कॅमेरा हाती नसताना त्यांनी जी शिस्त पाळली, ती कॅमेरा हाती असताना आपल्याला जड जाऊ नये.

३२/
शेवटचे काम घरी. चित्रे कार्डवर ठेवून झोपू नका. संगणकावर एक प्रत, बाहेरच्या डिस्कवर दुसरी, आणि तिसरी दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या प्रती चांगल्या नव्हत्या असे नाही. त्या एकाच छपराखाली होत्या. पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी बाहेर काढून वापरा.

३३/
सारांश: जुना डीएसएलआर, साधे भिंग, एक जादा बॅटरी, ३२ जीबीचे कार्ड, हातबॅटरी, मोजपट्टी आणि वही. सुरुवात दूरच्या गडापासून करू नका. आपल्या गावच्या वेशीवर, देवळामागे, पिंपळाच्या पारावर एखादा कोरीव दगड असेलच. त्याचे चांगले छायाचित्र आजवर कोणी घेतले नसण्याची शक्यता मोठी आहे. येत्या रविवारी उन्हे कलायच्या वेळी तेथे जा, तीन बाजूंनी उजेड पाडून पाहा. अक्षरे निघाली तर या धाग्याखाली चित्र जोडा. आपण मिळून वाचू.

बहुत काय लिहिणे. आपण सुज्ञ असा.